ब संघाच्या मामांना, एका पोराच्या बापाकडून

मामा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

समोर बसून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही ‘आधी च्या सांग’ म्हणून विषय मोडता, हे पेठेत कुणाला माहीत नाही? म्हणून लिहून काढतोय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय. तुम्ही तालमीच्या ब संघाचे, म्हणजे मोठ्या संघाखालच्या दुसऱ्या संघाचे, कोच, पण तुमचं नाव घालत नाही, तालमीचंही नाही. कोल्हापुरात फुटबॉलवर काही लिहिलं की वाचणारा आधी ‘कुठल्या पेठेचा?’ एवढंच बघतो आणि पुढचं वाचायच्या आधीच भांडायला उठतो. ज्यांना ओळखायचंय ते नुसतं ‘मामा’ म्हटल्यावर ओळखतील.

निमित्त तुम्हाला ठाऊकच आहे. आपलं पोरगं यंदा मुंबईच्या एका क्लबच्या राखीव संघात आहे आणि डेव्हलपमेंट लीगच्या, म्हणजे तरुण पोरांसाठीच्या देशपातळीवरच्या लीगच्या, सामन्यात पहिल्या अकरात उतरलं. ही बातमी त्यानं घरी सांगायच्या आधी तुम्हाला सांगितली. त्याची आई त्यावरून अजून धुसफुसतीय, पण माझ्या मते त्यानं बरोबर केलं.

तो अठराचा असतानाची गोष्ट. शाळेकडून सुब्रतो कप, म्हणजे शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा, खेळून आलेला, पायात वेग, डावा-उजवा दोन्ही चालणारा. तालमीनं उचललं आणि थेट मोठ्या संघाच्या वीस जणांत घातलं. आमच्या घरात दिवाळीच. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले तेव्हापासून पेठेची इज्जत शाहू स्टेडियमच्या त्या गवतावर टांगलेली आहे, आणि त्या संघाची जर्सी आपल्या पोराच्या अंगावर म्हटल्यावर बापाची छाती फुगणारच. कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर पोरगं होतं. मैदानावर नव्हतं. हंगामभर तो डगआउटमध्ये बसला, मध्यंतराला गोलकीपरला शॉट मारायला उठला, आणि सामना आपण जिंकलोच आहे हे लहान पोरालाही कळत असताना शेवटची पाच मिनिटं त्याला सोडला. त्या पाच मिनिटांत चेंडू पायाला लागला तर लागला.

त्यात दोष कुणाचा नव्हता. मोठ्या संघाला सामना जिंकायचा असतो. बाहेरचे खेळाडू आणलेले, त्यात आफ्रिकेतनं आलेला दांडगा फॉरवर्ड, एकेकाला मोजलेले पैसे. समोर दहा-पंधरा हजारांची गॅलरी, निम्मी आपली, निम्मी त्यांची, आणि हलगी कडाडतीय. तिथं अठरा वर्षांच्या पोराला शिकायला उतरवा असं कोण म्हणेल? चुकला तर पोराची पंचाईत, कोचची त्याहून जास्त.

मग पुढच्या हंगामाच्या खेळाडू नोंदणीआधी तुम्ही घरी आलात. माझा धाकटा भाऊ तेव्हा तिथंच होता. तुम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालात, “ह्याला यंदा ब मध्ये नोंदवायचा.”

धाकटा असा उठला की स्टूल पडलं. “ब मधी? पोरगं पडलंय काय? गल्लीत तोंड कुठं दाखवायचं?”

तुम्ही काही बोलला नाही. खिशातनं ती डायरी काढलीत. केएमटीतून, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बस सेवेतून, निवृत्त होताना मिळालेली, निळ्या कव्हरची, पाठीमागच्या पानांवर रेघा मारलेली. डाव्या बाजूला पोरांची नावं, वर सामन्यांच्या तारखा, चौकोनात मिनिटं. ब संघाच्या पोरांपुढं नव्वद, नव्वद, सत्तर, नव्वद. सगळ्यात खाली लाल पेनानं आमच्या पोराचं नाव होतं. ब मध्ये नसताना तुम्ही त्याची मिनिटं टिपून ठेवली होती. पाच, शून्य, शून्य, तीन, शून्य. अख्ख्या हंगामाची बेरीज केली तर एक सामना भरत नव्हता.

“हे बघा,” तुम्ही म्हणालात, “सराव रोज करतोय, गोष्ट खरी. पण सामन्यात जे कळतंय ते सरावात न्हाय कळत. ह्याचं अठरावं वरीस बाकड्यावर गेलं. एकोणिसावं पण तिथंच घालवायचं काय?”

धाकटा गप्प झाला असेल असं वाटलं, पण तो बार्सिलोनावाला. त्याच्या खोलीत मेस्सीचा दारापेक्षा मोठा पोस्टर. तो म्हणाला, मोठे खेळाडू ब मध्ये खेळत नसतात. मग तुम्ही त्याला त्याच्याच पोस्टरनं हाणलंत. मेस्सी स्वतः बार्सिलोनाच्या क आणि ब संघातनं वर आला. २००७-०८ ला त्या ब संघाचा कोच होता ग्वार्डिओला, आणि संघ खेळत होता स्पेनच्या चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये. त्यात बुस्केट्स होता, पेद्रो होता. २००८ ला ग्वार्डिओलाला मोठा संघ मिळाला आणि त्यानं दोघांना वर घेतलं. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलला दोघंही स्पेनच्या पहिल्या अकरात. “त्यांच्या चुलत्यांनी पण दंगा केला असंल,” असं म्हणून तुम्ही उठलात.

आता गंमत अशी की धाकटाच ब संघाचा सगळ्यात मोठा वकील झालाय. चौकात कुणी नाक मुरडलं की १९८० सालचा किस्सा काढतो. रिअल माद्रिदचा ब संघ, कास्तिया, स्पेनच्या कपची एकेक फेरी मारत फायनलला पोचला, आणि समोर कोण? रिअल माद्रिदच. ६-१ नं हरले, पण फायनल खेळले. आपल्या तालमीत असं झालं असतं तर घराघरांत सासू-सुना वेगवेगळ्या गॅलरीत बसल्या असत्या.

आता तुम्ही केलेल्या कामाबद्दल. आभार मानायचे म्हणजे कशाचे, हे नीट सांगावं लागेल, नाहीतर ‘मार्गदर्शन लाभले’ छापाचं पत्र होईल.

गांधी मैदानावर पहाटे तुम्ही पोराला मधोमध उभा करायचा. एकजण समोरनं चेंडू द्यायचा. तुम्ही त्याच्या पाठीमागं दहा पावलांवर, हात वर करून बोटं दाखवत. चेंडू पायाशी यायच्या आधी त्यानं मान वळवून बघायचं आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. तीन! दोन! चार! आकडा चुकला की चेंडू परत. पहिल्या आठवड्यात चेंडू पायाखालनं निसटायचा, कारण मान मागं आणि पाय पुढं हे जमायचं नाही. मग तुम्ही जागा बदलायला लागलात, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. मी गाडी घेऊन कामावर जाताना कुंपणाशी थांबून बघायचो. पाऊस झाला की मैदानात नाल्याचं पाणी भरायचं, आणि मग हेच सगळं तालमीसमोरच्या रस्त्यावर, जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न खात.

आपल्या पोरांचा रोग तुम्ही बरोबर ओळखला होता. कोल्हापूरचं पोरगं चेंडू मिळाला की मान खाली घालून पळतं. दोघांना चकवलं की गॅलरी उठते, आणि एकदा गॅलरी उठली की त्याला वाटतं झाला फुटबॉल. तिसरा चेंडू काढून घेतो ते कुणाच्या लक्षातच राहत नाही. आपल्या प्रेक्षकांचा मला अभिमान आहे. भर उन्हात लीगच्या सामन्याला एवढी माणसं देशात फार ठिकाणी जमत नसतील. पण ह्याच प्रेक्षकांनी किती पोरं बिघडवली ह्याचाही हिशेब कधीतरी मांडायला हवा. शिट्ट्या मिळतात त्या एकट्यानं पळणाऱ्याला. वेळेत पास देऊन जागा धरणाऱ्याला कोण बघतंय?

ब संघाच्या सामन्याला गॅलरी रिकामी. चार बाप, दोन-तीन रिकामटेकडे, एखादा भेळवाला चुकून आलेला. आधी मला त्याचं वाईट वाटायचं. नंतर उमगलं की तुम्हाला तेच हवं होतं.

त्यातला एक सामना अजून डोळ्यांपुढं आहे. पोरगं सेंटर हाफला. आपल्याच गोलपुढं चेंडू आला, त्यानं मान वळवली नाही, मागनं त्यांचा दहा नंबर आला, चेंडू काढून घेतला आणि सरळ गोल. पोरानं लगेच बाकड्याकडं बघितलं. मोठ्या संघात असता तर दुसऱ्या मिनिटाला खेळाडू बदलायचा बोर्ड वर गेला असता. तुम्ही बसलाच होता. ओरडला नाही, हातवारे नाहीत. तुमच्या शेजारी बसलेल्या पदाधिकाऱ्यानं काहीतरी पुटपुटलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, “राहू दे. हितं चुकायचं न्हाई तर कुठं?” पाच-सात मिनिटांनी तसाच चेंडू परत आला. ह्या वेळेला मान वळली. तोच दहा नंबर तसाच मागनं झेपावला, आणि पोरानं एका स्पर्शात चेंडू उजव्या बॅककडं सोडला. टाळी वाजली नाही, वाजवायला कोण होतंच कुठं. आपण तो सामना हरलो, बहुतेक ३-१. तुम्ही मात्र डायरीत नव्वद लिहिलंत आणि त्या पानावर एक टिंब दिलंत. टिंब कशाचं ते मी विचारलं नाही.

माझं काम लेथचं. उद्यमनगरात नवीन आलेल्या पोराला कोणी पहिल्या दिवशी ऑर्डरचा शाफ्ट हातात देत नाही. आधी भंगारातला बार लावून देतात, घे कापून, मोड टूल, बघ कसं होतंय. आयुष्यभर हेच केलं असल्यानं तुमचं गणित मला धाकट्यापेक्षा लवकर उमगलं असावं.

पोराची मुंबईत निवड झाल्यावर ही लीग कुठनं आली याची मी जरा माहिती काढली. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, क्लबांचे राखीव संघ २०१७-१८ पासून आय-लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायला लागले, वरच्या लीगमध्ये जायचा हक्क नाही या अटीवर. मग कोरोनात सगळंच बंद पडलं. सतरा-अठराच्या पोरांची ऐन वाढीची दोन वर्षं घरात गेली. २०२२ च्या एप्रिलमध्ये रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग गोव्यात सुरू झाली. आठ संघ, बहुतेक पोरं एकवीसच्या आतली, प्रत्येकाला सात सामने. बेंगळुरू पहिलं, केरळा ब्लास्टर्स दुसरं, आणि बक्षीस म्हणजे जुलैत इंग्लंडला जाऊन प्रीमियर लीगच्या क्लबांच्या पोरांशी खेळायचं. पुढच्या हंगामापासून विभागवार फेऱ्या आल्या, संघ पन्नासच्या वर गेले, आयएसएलवाले सोडून छोटे क्लब आणि अकादम्याही आत आल्या. म्हणून तर आपल्यासारख्या पोराला दार उघडलं.

सात सामने वाचून मी दोनदा बघितलं. देशातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांच्या पोरांना सुरुवात म्हणून सात सामने, तेही ‘चला, एवढं तरी झालं’ अशा थाटात. तुम्ही लीगचे सामने संपले की गडहिंग्लजला फोन करायचा, मिरजेला करायचा, बेळगावला ओळख काढायचा. ‘एक मैत्रीचा सामना द्या की, पोरं घेऊन येतो.’ ट्रॅक्स भाड्यानं, डिझेल निम्मं तुमच्या खिशातलं, वाटेत मिसळ. इंग्लंडात उत्तरेकडच्या क्लबांनी आपल्या राखीव पोरांसाठी सेंट्रल लीग काढली ती १९११ साली, म्हणजे ज्या साली मोहन बागाननं गोऱ्यांना हरवून आयएफए शील्ड जिंकली त्याच साली. त्यांना इतकं आधी सुचलं, आपल्याला शंभर वर्षांनी. मधल्या काळातली उणीव देशभर तुमच्यासारख्या माणसांनीच भरून काढली, पावती न फाडता.

मी मुंबईचा एक सामना बघून आलो. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो, सकाळी उतरलो, विचारत विचारत मैदान गाठलं. कृत्रिम गवत, पांढऱ्या रेघा अशा की जणू आत्ता मारल्यात, तिपाईवर कॅमेरा लावून एक पोरगा अख्खा सामना टिपतोय. आणि बघायला? आम्ही काही आईबाप. त्यांच्या संघातली दोन पोरं मोठ्या शहरांतली, अकादमीत वाढलेली, पास अगदी मापात. आमचं पोरगं तेवढं सफाईदार नाही. धक्काबुक्कीत मात्र मागं हटत नव्हतं, ते शाहू स्टेडियमचं शिक्षण. पण चेंडू यायच्या आधी मान वळत होती. दर वेळी नाही. बऱ्याच वेळा. मी तिथं एकटाच बसून मनात आकडे म्हणत होतो, तीन, दोन, चार. सत्तराव्या मिनिटाला त्याला बाहेर घेतला, तर बाहेर येऊन तोंड पाडून बसला नाही, कोचच्या शेजारी जाऊन बसला आणि काहीतरी विचारत राहिला. हे तुमच्याकडचंच.

तो पुढं काय होईल मला माहीत नाही. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तेव्हापासून कोल्हापुरातल्या प्रत्येक बापाला आपल्या घरात एक अनिकेत दिसतो. मला तसा दिसत नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण राखीव संघातनं वर जाणारे थोडेच असतात एवढं गणित मलाही येतं.

आणि खरं सांगायचं तर तुमचे आभार मानताना मला जास्त आठवण येते ती न गेलेल्या पोरांची. त्याच्याबरोबर ब मध्ये असलेला तो लांब केसांचा लेफ्ट विंग, गुडघा गेला त्याचा. तुम्ही त्याला पंचांच्या परीक्षेला बसवलंत, शिट्टी स्वतः घेऊन दिलीत. परवा लहान पोरांच्या सामन्यात त्यानं आपल्याच तालमीविरुद्ध पेनल्टी दिली आणि लोक त्याच्यावर धावले, तर तुम्ही मधे उभे. गोलकीपर पोलिस भरतीत लागला. पळण्याचे मार्क कुठनं आले ते त्याला विचारा. एकजण आमच्याच शेडमध्ये सीएनसीवर आहे, शनिवारी संध्याकाळी बूट पिशवीत घालूनच येतो. ह्यांच्यापैकी एकाचंही नाव फ्लेक्सवर येणार नाही. डायरीत आहे.

तुमच्याबद्दल एक तक्रारही आहे, आभाराच्या पत्रात शोभत नाही तरी लिहितो. तुम्ही स्वतःसाठी काही मागत नाही, त्यामुळं तालमीला सवय लागलीय. मोठ्या संघाच्या एका बाहेरच्या खेळाडूच्या महिन्याच्या पैशात ब संघाचे वर्षभराचे चेंडू, नेट, गाडी सगळं निघेल. हे बैठकीत कुणीतरी बोलायला पाहिजे. तुम्ही बोलणार नाही. म्हणून येत्या सभेला मी आणि धाकटा बोलणार आहोत. धाकट्याचा आवाज मोठा आहे, तो ह्यावेळी चांगल्या कामाला लावू.

तोवर माझ्याकडनं जमेल ते केलंय. सरावाला तुम्ही दगड मांडून गोल करता ते बघवत नव्हतं. शेडमध्ये उरलेल्या दीड इंची पाइपातनं लहान गोलपोस्टच्या दोन जोड्या वेल्ड करून ठेवल्यात. मागं नेट अडकवायला हुक लावलेत, खाली पाय असे केलेत की दोन पोरांना उचलून नेता यावेत आणि मैदानात पाणी आलं तर रस्त्यावरही उभे राहावेत. एक हात प्रायमर झालाय, पांढरा रंग शुक्रवारी देतो. रविवारी सकाळी सरावाआधी टेम्पो घेऊन या. शेडची चावी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडं असेल. नेट मात्र तुमच्याकडनं आणा, मला मापाचं मिळालं नाही.

आणि येताना डायरी आणा. पोरगं दोन दिवसांसाठी गावी येतंय, त्याला ते टिंब कशाचं होतं ते विचारायचंय म्हणे. मीच सांगितलं त्याला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शिवाजी उद्यमनगरातला लेथवाला